उदासीन कोण? शाळेच्या शेऱ्याला पालकांचा जबाब

लोहारा तालुका, जि. धाराशिव (उस्मानाबाद)



शाळेच्या दप्तरात आमच्यासाठी एक शब्द कायमचा ठरलेला आहे. लेकरू आठ दिवस आलं नाही की शेरा पडतो, 'पालक उदासीन'. चौथीच्या लेकराला वाचता येत नाही, शेरा पडतो, 'पालक निरक्षर व उदासीन'. आम्ही ऊसतोडीला गेलो, शेरा पडतो, 'पालक स्थलांतरित, शिक्षणाबाबत उदासीन'. केंद्रप्रमुख तो शब्द गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवतात, तिथून तो जिल्ह्याला जातो, जिल्ह्यातून पुण्याला. वर त्याचा अहवाल होतो आणि अहवालातून कार्यक्रम निघतो: पालकांचं प्रबोधन करा. रोग काय ते रोग्याला विचारलं नाही, औषध मात्र त्यालाच पाजायचं!

लोहारा तालुक्यात गायरानावर आणि गावाच्या कडेला आमच्या पारधी वस्त्या आहेत. तिथले आम्ही आईबाप आणि शिकलेली चार पोरं असे बसलो. शाळेचा अनुभव एकेकानं सांगितला. तो सगळा इथं मांडतो आहोत. कोणत्याही एका शाळेचं, एका गुरुजीचं नाव आम्ही छापलेलं नाही. एकाचं नाव छापलं की बाकीचे सुटतात आणि 'तेवढा एक वाईट होता' म्हणून प्रकरण मिटतं. हे प्रकरण एका माणसाचं नाही.

तुम्ही जंगलातल्या गावची माणसं. आमच्याकडे जंगल नाही. इकडं काळी जमीन, तूर, सोयाबीन, ऊस आणि मधे उघडं माळरान. शिकारीचं रान कधीच गेलं, आमच्या वाट्याला गायरान उरलं. तुम्हाला वनखातं उठवतं, आम्हाला महसूल खातं उठवतं. पण शाळेच्या दारात तुम्ही आणि आम्ही एकाच ठिकाणी उभे आहोत. म्हणून हा जबाब तुमच्यासाठीही आहे.

नाव घालताना

पहिला अनुभव दारातलाच. जून महिन्यात आई लेकराला घेऊन जाते. "जन्माचा दाखला आणा." लेकरू पालावर जन्मलं, कारखान्याच्या कोपीत जन्मलं, दाखला कुठला? "आधार आणा." आधारला जन्माचा दाखला लागतो. "मग रहिवासी आणा." रहिवासी आणायला ग्रामपंचायतीत गेलो तर तिथं म्हणतात, "तुमचं घर नमुना आठला नाही, गायरानावर हाय." आई तीन चकरा मारते. प्रत्येक चकरेची एक मजुरी बुडते. चौथ्या वेळी ती जात नाही. चौथ्या वेळी न गेलेल्या त्या बाईच्या नावापुढं शेरा पडतो, उदासीन.

आता कायदा बघा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही लेकराला शाळा नाकारता येत नाही. कलम १५ सांगतं की मुदत संपल्यावर आलेल्या लेकरालाही घ्यायचं. कलम ४ सांगतं की आठ वर्षांचं लेकरू पहिल्यांदा आलं तरी त्याला वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं. कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या लेकरांना प्रवेश मिळेल हे बघणं ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद-पंचायतीची, जबाबदारी आहे असं नाव घेऊन लिहिलं आहे.

या कायद्यात पालकांसाठी एकच कलम आहे, दहावं. आईबापानं लेकराला शाळेत घालावं, एवढंच ते म्हणतं. बाकी सगळं काम सरकारच्या डोक्यावर टाकलं आहे. 'सक्तीचं' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं सक्ती आपल्यावर. तसं नाही. कलम ८ मध्ये 'सक्तीचं' म्हणजे काय ते सांगितलं आहे: शाळा देणं, प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होणं, हे सगळं बघण्याची सक्ती सरकारवर. मग तीन चकरा मारलेली आई उदासीन, की तिला तीनदा परत पाठवणारा?

दोन हजेऱ्या

हजेरी हा शब्द आमच्या घरात शाळेच्या आधी आला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. आमच्या जुन्या माणसांना पाटलाकडे, चौकीवर हजेरी द्यावी लागायची. गाव सोडायचं तर परवाना, दुसऱ्या गावात गेलं तर पुन्हा हजेरी. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, हा कायदा सुटला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं आम्ही उशिरा सुटलो. सुटलो असंही कागदावरच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पुढच्याच वर्षी, १९१८ साली, हजेरीची पद्धत बंद केली. त्या राजाला कळलं होतं की चौकीची हजेरी सुटल्याशिवाय शाळेची हजेरी लागत नाही. शंभर वर्षं झाली, आमच्या तालुक्यातल्या दप्तराला ते अजून कळलेलं नाही.

कसं ते सांगतो. कुठं चोरी झाली की रात्री दोन वाजता वस्तीवर गाड्या येतात. पुरुष रानात पळतात. बाया लेकरं घेऊन दुसऱ्या वस्तीवर पाहुण्याकडे जातात. चार दिवस, कधी पंधरा दिवस. तितके दिवस लेकरू शाळेत नाही. गुरुजी विचारतात, "का रे, कुठं होतास?" ते लेकरू काय सांगणार? वर्गातली पोरंच सांगतात, "सर, त्याच्या बापाला पोलिसानं नेलं." वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून ते लेकरू शाळेच्या वाटेनं निघतं आणि माळावर बसून संध्याकाळी घरी येतं. हजेरीपटावर 'सतत गैरहजर'.

आणि वर्गात काही हरवलं तर? कंपास हरवला, डब्यातलं खाणं गेलं, कुणाच्या खिशातले दहा रुपये गेले. पहिलं दप्तर कुणाचं उघडतात? एक आई म्हणाली, "माझ्या पोरीचं दप्तर सगळ्यांसमोर उलटं केलं. निघालं काय, तर फुटकी पाटी न् आदल्या दिशीची भाकर. चोरी दुसरीकडंच सापडली. पण माझ्या पोरीला कुणी म्हनलं न्हाई की बाळा, चुकलं आमचं." त्याच कायद्याचं कलम १७ लेकराला मारायला बंदी करतं, आणि मनाचा छळ करायलाही बंदी करतं. दप्तर उलटं करणं हा कुठला छळ?

घरात एक बोली, फळ्यावर दुसरी

आमची पारधी बोली गुजरातीच्या जवळची. लेकरू सहा वर्षं त्याच बोलीत बोलतं, रुसतं, गाणी म्हणतं. मग एका दिवसात त्याला मराठी पुस्तकासमोर बसवतात. गुरुजी काय विचारतात ते त्याला कळत नाही, आणि ते काय बोलतं ते गुरुजीला कळत नाही. दोघांना एकमेकाचं कळत नाही, पण 'मंद' एकटं लेकरूच ठरतं. गोंडी, कोरकू, भिली, वारली बोलणाऱ्या तुमच्या लेकरांचंही हेच. शिक्षणाचं माध्यम शक्य तिथं लेकराची मातृभाषा असावी असं कलम २९ म्हणतं. 'शक्य तिथं' ही पळवाट आहे हे आम्हाला कळतं. पण पहिली-दुसरीच्या वर्गात वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून घेणं अशक्य आहे का? आमच्या वस्त्यांत बारावी झालेल्या पोरी खुरपायला जातात. त्यांना महिना थोडं मानधन द्या, बघा लेकरं बोलायला लागतात की नाही.

अर्धं वर्ष ऊसात

दिवाळी आली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथं टोळी जाईल तिथं. परत येणं पाडव्याच्या आगेमागे. लेकरू मागं कुणाजवळ ठेवायचं? म्हातारी एकटी आहे, तिलाच दिसत नाही. पोरगी वयात यायला लागली तर रात्रीचा घोर. म्हणून लेकरं बरोबर नेतो. तिथं ती लहानग्याला सांभाळतात, वाडं गोळा करतात, पाणी आणतात.

यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे हे आम्हाला माहीत आहे. गावातच लेकरांना दोन वेळ जेवण आणि शाळा. योजना चांगली, आम्ही तिला नावं ठेवत नाही. पण टोळ्या निघतात दिवाळीला आणि आमच्या अनुभवात मंजुरी येते त्यानंतर महिना-दीड महिन्यानं. तोवर लेकरू कोपीत पोचलेलं असतं. पाऊस होऊन गेल्यावर छत्री! दुसरी योजना शिक्षण हमी कार्डाची. लेकरानं ते कार्ड दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. आमच्या बैठकीला आलेल्या घरांपैकी एकाही घरात ते कार्ड कुणी पाहिलेलं नव्हतं.

मधल्या काळात इथल्या पटाचं काय होतं? एका बापानं सांगितलं, "मी ऊसातून आलो. शाळेत गेलो. माझ्या लेकराची डिसेंबरची हजेरी लागलेली. ते तर माझ्याजवळ सांगलीच्या फडात होतं." हजेरी लागली म्हणजे आहारही त्याच्या नावावर निघाला असणार. पहिली ते पाचवीच्या लेकरामागं रोजचा शंभर ग्रॅम तांदूळ असतो. ऊसाच्या फडात भाकरीचा तुकडा खाणाऱ्या लेकराचा तांदूळ गावात कुणी शिजवला, याचा हिशोब कुणी मागत नाही. मागायला गेलो की उत्तर मिळतं, "तुमचं लेकरू गैरहजर दाखवू का? मग नाव कमी होईल." गप बसतो. भीतीनं गप बसण्याला दप्तरात काय म्हणतात ते तुम्हाला आता पाठ झालं असेल.

आता नवीन भर पडली. २०१९ साली केंद्रानं कायदा बदलला, आणि २०२३ साली आपल्या राज्यानं पाचवी आणि आठवीला नापास करण्याची वाट मोकळी केली. पुन्हा एक परीक्षा देतील, तीत नापास झाला तर त्याच वर्गात. सहा महिने ऊसात राहिलेलं लेकरू पाचवीला कुणी नापास केलं? मुकादमानं, कारखान्यानं, उशिरा निघालेल्या वसतिगृहानं, की लेकरानं स्वतः? शिक्षा मात्र लेकराला.

आणि मदत किती? आदिवासी, दलित, भटक्या गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता १९९२ साली सुरू झाला. रोजचा एक रुपया. १९९२ साली एक रुपयाला काहीतरी येत होतं. नंतर मजुरी वाढली, गुरुजींचा पगार वाढला, आमदारांचा भत्ता वाढला. पोरीचा रुपया कितीतरी वर्षं रुपयाच राहिला.

समिती कागदावरची

प्रत्येक सरकारी शाळेत शालेय व्यवस्थापन समिती असते. कलम २१ प्रमाणे तिच्यात शंभरात पंचाहत्तर पालक पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. दुर्बल आणि वंचित घटकांच्या लेकरांचे आईबाप त्यांच्या संख्येच्या प्रमाणात पाहिजेत. शाळेला आलेला पैसा कुठं गेला हे बघण्याचा आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा हक्क या समितीचा आहे.

आमच्या बैठकीत दोन बाया अशा निघाल्या की त्या समितीच्या सदस्य आहेत, आणि त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. कागदपत्र काढल्यावर कळलं. एकीनं आठवून सांगितलं, "गुरुजीनं अंगठा घेतला व्हता. मला वाटलं गणवेशाचा हाय." गणवेशाच्या अंगठ्यावर समिती स्थापन झाली, ठराव पास झाला, खर्च मंजूर झाला. आणि अध्यक्ष कोण? ज्यांची स्वतःची लेकरं गाडीत बसून उमरग्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यांच्या भावकीतला.

पट कमी कसा झाला?

शेवटचा घाव बंद करण्याचा. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करायला काढल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करा. नमुना म्हणून दाखवलं नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत. वीसपेक्षा कमी पटाच्या अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त. त्या कुणाच्या आहेत? डोंगरावरच्या पाड्यांच्या, वाड्यांच्या, तांड्यांच्या, आमच्या वस्त्यांच्या. तुमच्याकडे पाडा लहान म्हणून पट कमी. आमच्याकडे पट कमी झाला त्याची गोष्ट वेगळी आहे.

आधी गावातल्या मोठ्या घरांनी लेकरं काढून इंग्रजी शाळेत घातली. मग मधल्या घरांनी काढली, कारण मोठ्यांनी काढली. एका बापाला आमच्यातल्यानं विचारलं, "गुरुजी तर चांगले हायेत, लेकरू का काढलं?" तो खरं बोलला. "चांगले हायेत, पण तिथं सगळी तुमचीच भरलीत." म्हणजे आम्ही आत आलो म्हणून गाव बाहेर गेलं. मग शाळेत राहिली आमची अठरा-वीस लेकरं. त्यातली दिवाळीला बारा ऊसात. आणि आता सरकार म्हणतं, पट कमी आहे, तीन-चार किलोमीटरवरच्या शाळेत जा, गाडी देऊ.

गाडी पहिल्या वर्षी येईल. दुसऱ्या वर्षी ठेकेदाराचं बिल थकेल, गाडी बंद होईल. मग सहा-सात वर्षांची लेकरं हमरस्त्यानं चालतील का? चालणार नाहीत. पोरी तर पहिल्या महिन्यात घरी बसतील. आपल्या राज्याच्याच नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत पाहिजे. नियम मोडायचा असला की त्याला 'गुणवत्ता' म्हणतात.

आम्हाला कुणी म्हणेल, चार लेकरांसाठी दोन गुरुजी परवडत नाहीत. आम्ही विचारतो, दोन माणसांसाठी विजेचा खांब टाकता, तो परवडतो का? आमदाराच्या शेताकडे रस्ता जातो, त्यावर दिवसाला किती गाड्या जातात हे मोजून रस्ता बंद केला का? शाळेतच डोकी का मोजता?

शाळा हा जमिनीचा प्रश्न आहे

काही साथी विचारतील, आपली चळवळ जमिनीची, शाळेचं रडगाणं कशाला? साथींनो, जमिनीच्या दाव्यात आपल्याकडे काय मागतात? पुरावा. आणि गरिबाजवळ जन्मतारीख, जात आणि गाव एका ओळीत सांगणारा सगळ्यात भक्कम सरकारी कागद कोणता? शाळेचं दाखलखारीज रजिस्टर.

जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० ही तारीख दाखवतात. पणजोबाची शाळेतली नोंद आणा म्हणतात. अहो, १९५० साली माझ्या पणजोबाची हजेरी चौकीत लागत होती! ज्याला सरकारनं शाळेच्या पायरीला फिरकू दिलं नाही, त्याचा शाळेचा उतारा सरकारच मागतं. क्षेत्राची अट काढणारा कायदा १९७६ साली झाला, पण कागदाची अट काढणारा अजून व्हायचा आहे.

गायरानाचं बघा. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय सांगतो की मागासवर्गीय भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची. त्या तारखेआधी वस्ती होती हे सिद्ध कसं करायचं? गाव नमुना एक-ई मध्ये तलाठ्यानं नोंद केली नाही, दंडाची पावती पावसात भिजली. पण १९८८ साली वस्तीतलं एक लेकरू जरी शाळेत नीट घातलेलं असतं, तरी त्याच्या नावापुढं गाव, जमात आणि तारीख राहिली असती. तुमच्या वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. त्याआधी शाळेत गेलेल्या प्रत्येक लेकराची नोंद तुमच्या ताब्याला आधार देते. म्हणून सांगतो, लेकराचं नाव पटावरून कापलं जातं तेव्हा एक लेकरूच बाहेर पडत नाही, आपला जमिनीवरचा एक साक्षीदार मरतो.

उलटंही खरं आहे. शाळा उभी असली की वस्ती उठवणं अवघड जातं. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायचा मोठा निकाल दिला, जगपाल सिंगचा. तो निकाल दाखवून आम्हाला नोटिसा देतात. पण त्याच निकालात अपवादही लिहिले आहेत: भूमिहीन मजुरांना किंवा दलित-आदिवासींना सरकारी अधिसूचनेनं पट्टा दिला असेल तर, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना अशी सोय असेल तर. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा आल्या, तेव्हा हा अपवाद आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही. वस्तीतली शाळा बंद करणं आणि वस्ती उठवणं, ही दोन कामं वेगळ्या खात्यांची दिसतात. पहिलं झालं की दुसरं सोपं होतं.

वनगावातल्या साथींनो, तुम्हाला सांगतात, "जमीन वनखात्याची, शाळा बांधता येत नाही." खोटं आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. शाळेसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील आणि ग्रामसभेनं शिफारस केली असेल तर. यादीत पहिलं नाव शाळेचंच आहे. ठराव ग्रामसभेचा लागतो, वनरक्षकाची मेहेरबानी नाही.

आणि जागा सापडत नाही हे तर आमच्या तालुक्यात कुणी बोलूच नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथं भूकंप झाला. सास्तूरसारखी गावं झोपेत जमीनदोस्त झाली. त्यानंतर गावंच्या गावं नव्या जागेवर वसवली, शाळा बांधल्या, मैदानं सोडली. ते बरोबरच झालं. पण तेव्हा जमीन सापडली, पैसा सापडला, आराखडा सापडला. ठरवलं की सापडतं. याच तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली लोकांनी राष्ट्रीय शाळा काढली. राज्य निजामाचं, तरी निजामाच्या सरकारावर अवलंबून न राहता. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला आले आणि त्या शाळेतून पुढं मुक्तिसंग्रामाची माणसं निघाली. शंभर वर्षांमागं या मातीत लोक परक्या राज्यात शाळा चालवू शकले. आज आपलं म्हणवणारं सरकार आमची एक खोलीची शाळा चालवू शकत नाही?

गुरुजींबद्दल

गुरुजी आमचा वैरी नाही. पावसात मोटरसायकल ढकलत वस्तीवर येणारे, स्वतःच्या पैशातून वह्या देणारे, पोलीस आल्यावर "लेकरांसमोर नको" म्हणून मधे उभे राहणारे गुरुजी आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याकडे शिकलेलीच आम्ही चार पोरं आज हे लिहितो आहोत. एकाच गुरुजीला चार वर्ग, वर मतदार यादी, सर्वेक्षण, रोज मोबाईलवर भरायची माहिती, खिचडीचं मीठ-मिरची. कलम २७ सांगतं की जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम लावायचं नाही. हे कलम गुरुजींनी वापरावं, आम्ही त्यांच्या मोर्चात येऊ. पण गुरुजींनीही आमच्या लेकराचं दप्तर उलटं करू नये आणि शेऱ्याच्या रकान्यात खोटं लिहू नये.

आमच्या मागण्या

१. दप्तरातला 'पालक उदासीन' हा शेरा बंद. लेकरू का आलं नाही त्याचं खरं कारण लिहा: वस्तीवर धाड, ऊसतोड, कागद मागून परत पाठवलं, वर्गात अपमान.

२. एकही वस्तीची, पाड्याची शाळा पटाच्या नावाखाली बंद करायची नाही. ग्रामसभेला आणि पालकांना विचारल्याशिवाय समायोजन नाही.

३. हंगामी वसतिगृह टोळ्या निघायच्या आधी सुरू. हमी कार्ड प्रत्येक लेकराच्या हातात.

४. पहिली-दुसरीला आमच्या बोलीची मदतनीस, वस्तीतलीच.

५. शाळेच्या वेळात आणि शाळेच्या आवारात पोलीस चौकशी नाही.

आपण काय करायचं?

मागण्या देऊन घरी बसायचं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात वस्तीतली सगळी लेकरं एकत्र न्या, एकेकटी आई जाऊ नका. दाखला मागितला तर म्हणा, "नाही हे लिहून द्या." लिहून कुणी देत नाही, प्रवेश देतात. समितीची निवड पालकसभेत होते, तिला हजर राहा, आपल्या बाया उभ्या करा. कशाचा कागद आहे ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. ऊसाला निघताना शाळेत लेखी कळवा आणि पोच घ्या. तक्रार असेल तर कलम ३२ खाली पंचायत समितीकडे लेखी द्या, तीन महिन्यांत निकाल देणं त्यांना बांधील आहे.

आणि एक काम याच महिन्यात. प्रत्येक गावानं शाळेत जाऊन आपल्या वस्तीतल्या, पाड्यातल्या जुन्या नोंदींच्या नकला मागा. नाही दिल्या तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला तेही लागत नाहीत. त्या नकला वनहक्काच्या आणि गायरानाच्या फायलीला लावा. लेकरू शिकेल तेव्हा शिकेल, त्याचं नाव आजपासून जमिनीसाठी लढायला लागेल.

शाळेनं आमच्याबद्दल खूप लिहिलं. आता आम्ही लिहायला लागलो आहोत. आमच्या वहीत आम्हीही रोजची हजेरी मांडणार आहोत: गुरुजी आले का, शाळा उघडली का, खिचडी शिजली का, साहेब कधी आले. वर्ष संपलं की ती वही घेऊन लोहाऱ्याच्या पंचायत समितीवर येऊ आणि शेऱ्याचा रकाना आम्ही भरू. उदासीन कोण, ते तिथं सगळ्यांसमोर वाचू.

जमीन आमची, शाळा आमची! चळवळ जिंदाबाद!